श्रीलंका स्कूटरवरून: दोघं, मार्चचं ऊन, खर्च आणि अठरा वळणं

मागची_सीट

दुचाकीवरच्या भटकंतीचे धागे बहुतेक पुढच्या सीटवरून लिहिलेले असतात. मागे बसणारी फोटोत दिसते आणि "सौ.नेही छान साथ दिली" एवढ्यात संपते. हा धागा मागच्या सीटवरून आहे. (अधूनमधून पुढच्याही. मला येते चालवता.)

आम्ही दोघं, वय ५१ आणि ५७, मुक्काम पिंपरी. हे २७ वर्षं एका कारखान्यात ब्रेकचे लायनर (चाकातल्या ड्रमला, म्हणजे डब्याला, आतून घासून गाडी थांबवणारे पट्टे) तपासायच्या खात्यात होते. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

श्रीलंकाच का? गाड्या आपल्यासारख्या डावीकडून, रस्ते आपल्यापेक्षा बरे, आणि ९२ ऑक्टेन पेट्रोल तेव्हा तिकडचे ३०० रुपये लिटरच्या आसपास होतं. आमच्या वेळी आपल्या एका रुपयाला त्यांचे साडेतीन मिळत होते, म्हणजे पडलं साधारण ८५ रुपयांना. पिंपरीपेक्षा स्वस्त! विमानासकट दोघांचं मिळून एक लाख, त्याच्या वर जायचं नाही असं ठरवून निघालो.

परवान्याचं आधी सांगते, कारण लोक तिथेच फसतात. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला (फॉर्म ४-ए, फी १,००० रुपये, वर्षभर चालतो). पण श्रीलंकेत नुसत्या त्याच्यावर भागत नाही. कोलंबोत ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ सिलोनच्या कचेरीत जाऊन त्याला मान्यता घ्यावी लागली. आम्ही दोघांचीही घेतली. नेगोंबोतून बसने कोलंबोला जाऊन यायचा एक दिवस त्यात गेला, पण त्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही हे पक्कं होतं. प्रवासविम्यात दुचाकी चालवणं धरलंय का हेही बघा. परवाना अपुरा असेल तर विमा असून नसल्यासारखा.

गाडी नेगोंबोत घेतली, विमानतळाच्या जवळचं गाव. दुकानात दोन पर्याय होते. पल्सर १५०, रोजचे ३,५०० श्रीलंकन रुपये. किंवा ११० सीसीची स्कूटर, २,५००. हे पल्सरपाशी असे उभे राहिले, जसा काही चाकणचा पोरगा परक्या मुलखात भेटला. टाकीवरून हातसुद्धा फिरवला. पण दिवसाचे हजार वाचत होते, स्कूटर मला चालवता येते, आणि पायापाशी पिशवी मावते. स्कूटर घेतली. मालक म्हणाला, "परवाच सर्व्हिसिंग केलंय." यांनी टायर बघितले, आरसे बघितले, हॉर्न वाजवला. मूळ पासपोर्ट ठेवून घ्यायला बघत होता तो, आम्ही फोटोकॉपीवर आणि रोख अनामतीवर तोडलं. हेल्मेट घरून नेली होती. तिथे दोघांनाही सक्ती आहे, आणि भाड्याबरोबर मिळतात ती बघून माझ्या पोळ्यांचा डबा बरा असं वाटलं.

मार्ग थोडक्यात: नेगोंबो, पुत्तलम, अनुराधापुर, वावुनियावरून जाफना, परत वावुनिया, होरोवपतानावरून त्रिंकोमाली, हबरण, सिगिरिया, कँडी, महियंगण, बदुल्ला, एल्ला, वेल्लवाय, तिस्समहाराम, गॉल आणि किनाऱ्याने परत. १६ दिवस, मीटरवर १,५६० किमी.

आता ऊन. पहिल्या दिवशी पुत्तलमवरून अनुराधापुरला निघालो ते साडेनऊला, पुण्यातल्यासारखं पोहे-चहा करून. साडेबारापर्यंत माझ्या जॅकेटच्या आत घामाचं तळं झालं होतं. तापमान फोनवर ३४. गळ्याभोवती ओला पंचा बांधायची युक्ती आम्ही विदर्भातल्या मित्राकडून शिकलो होतो, ती इथे चालेना. पंचा वाळतच नव्हता! दोन तासांनी तसाच ओला, फक्त गरम. एका वळणावर यांनी उजवीकडे जायचं ते डावीकडे घेतलं आणि मी विचारल्यावर "हो, तेच ते" म्हणाले. हा माणूस रस्त्याच्या बाबतीत "तेच ते" म्हणत नाही. मी गाडी थांबवायला लावली. पुढचे दोन तास आम्ही एका वेवाच्या बांधावर झाडाखाली होतो.

वेवा म्हणजे तलाव, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांनी बांधलेले. कोरड्या पट्ट्यात ते जागोजागी आहेत आणि अजून शेतीला पाणी देतात. संध्याकाळी सगळं गाव अंघोळीला येतं. दुपारी मात्र तिथे आम्ही, दोन म्हशी आणि रस्ता ओलांडणारी एक घोरपड. घोरपडीला घाई नव्हती.

त्या दिवसापासून नियम केला. पहाटे साडेपाचला चाक हललं पाहिजे, दहाला थांबलं पाहिजे. मग सरळ खोली, नाहीतर देऊळ, नाहीतर झाड. पुढे साडेतीन ते सहा. यामुळे दिवसाला १०० ते १२० किमीच होतात. जाफन्याच्या दिवशी तेवढा नियम मोडला, एकशेपंचाण्णव किमी, पण पहाटे साडेचारला उठून. आणि इथेच बजेटचा खरा घोळ आहे. स्वस्त खोलीत पंखा असतो, एसी नसतो, आणि दहाला पोहोचलात तर ती दोनपर्यंत मिळत नाही. आम्ही रात्री पंख्यावर काढल्या, पण जाफन्यात आणि त्रिंकोत एसीची खोली सकाळी अकराला मिळावी म्हणून हजार-दीड हजार श्रीलंकन जास्त मोजले. बाकी कशावरही पैसे वाचवा, त्या चार तासांवर नाही.

तंबिली, म्हणजे केशरी शहाळं, साधारण १५० श्रीलंकनला. दिवसाला तीन. अनुराधापुरला दिवुलचा रस मिळाला, गूळ-नारळाचं दूध घालून. एक घोट घेतला आणि थबकलेच: कवठ! महाशिवरात्र होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, घरी चटणीची बरणी तशीच ठेवून आले होते.

आता ती अठरा वळणं.

कँडीवरून महियंगणला उतरणारा रस्ता प्रसिद्ध आहे. थंड डोंगरातून एकदम खाली तापलेल्या मैदानात, एकामागून एक तीव्र वळणं, नावच अठरा वळणांचं. वरून बघताना सुंदर, खाली धुरकट सपाट जमीन, मधे एक तलाव चकाकतो. हे पुढे, मी मागे, पायापाशी पिशवी, मागे दुसरी. पाचव्या-सहाव्या वळणाला मला वास आला. जळक्या रबराचा नाही, वेगळा. तवा कोरडा तापल्यावर येतो तसा, त्यात थोडं केस जळाल्यासारखं. मी म्हटलं, "वास येतोय." हे म्हणाले, "पुढच्या ट्रकचा असेल." पुढे ट्रक नव्हता.

पुढच्या वळणाला डावा ब्रेक मुठीपर्यंत आला. म्हणजे दाबला आणि काही झालंच नाही. उजव्या ब्रेकवर आणि दोन्ही पायांवर गाडी कशीबशी कडेला, कठड्याला घासून. माझ्या डाव्या चपलेचा (हो, चप्पल, शिव्या द्या) तळ गेला. कठड्यावर बसलेली माकडं तेवढी उठून बाजूला झाली.

पुढची पाच मिनिटं कोणीच बोललं नाही. मग यांनी खाली वाकून मागच्या चाकाकडे बघितलं, हात जवळ नेला, मागे घेतला. आणि २७ वर्षं लायनर तपासलेला तो माणूस म्हणाला, "मी बघितलाच नाही."

तासभर बसलो. मग मोकळी गाडी यांनी हळूहळू उतरवली, मी आणि पिशव्या मागून येणाऱ्या रिक्षात. रिक्षा बजाजची, अर्थात. खाली गॅरेजवाल्या पोराने ड्रम उघडला, लायनर काढून यांच्या हातात दिला, आणि काही न बोलता नवा जोड आणायला सायकलवर गेला. खोक्यावर "मेड इन इंडिया". मजुरीसकट २,२०० श्रीलंकन. मालकाला फोन केला तर म्हणाला सर्व्हिसिंगमध्ये तेल बदललं होतं. शेवटी अनामतीबरोबर तेही पैसे त्याने दिले, पण तोंड वाकडं करून.

खर्च, दोघांचा, आपल्या रुपयांत: विमान ४२,०००. गाडीभाडं १५ दिवस १०,७००. पेट्रोल ३,४०० (लिटरला चाळीसच्या आसपास पडत होती). खोल्या २१,४००. खाणं १३,७००. तिकिटं ७,०००. किरकोळ ३,८००. बेरीज तुम्ही करा, लाखाच्या दोन हजार वर जाते. ते दोन हजार ब्रेकचे नाहीत, गॉलला घेतलेल्या दालचिनीचे आहेत.

प्रश्न असतील तर विचारा.

वऱ्हाडी_ठेचा

काय राजेहो, ३४ डिग्रीले ऊन म्हनता? आमच्या अकोल्यात ३४ ले लोक स्वेटर शोधतात.

लिहिलं मस्त. पन ऊन म्हनू नका त्याले.

डॉ_अडुळसा

@वऱ्हाडी_ठेचा, गंमत म्हणून ठीक, पण हिशेब वेगळा आहे. शरीर थंड होतं ते घाम आल्याने नाही, घाम *वाळल्याने*. अकोल्यात मे महिन्यात हवा कोरडी, घाम येतो तसा उडतो, म्हणून ओला पंचा तिथे कामाचा. दमट ३४ मध्ये घाम वाहतो आणि पाणी-मीठ दोन्ही फुकट जातं. धागाकर्तीने पंचाबद्दल जे लिहिलंय ते अगदी बरोबर टिपलंय.

दुचाकीवर आणखी एक गोष्ट असते. त्वचा साधारण ३५ अंशांची. हवा त्याहून थंड असेल तर वारा गार करतो, म्हणून श्रीलंकेत गाडी चालू असेपर्यंत बरं वाटतं आणि थांबलं की कळतं. हवा ४४ असेल तर उलट, वारा भट्टीसारखा तापवतो, तिथे अंग पूर्ण झाकूनच चालवायचं.

आणि ते "हो, तेच ते". ती चेष्टा नव्हती. गोंधळणं, चिडचिड, बोलणं असंबद्ध होणं ही धोक्याची घंटा आहे. तुम्ही थांबवलंत म्हणून निभावलं. नुसता थकवा, डोकेदुखी, मळमळ असेल तर सावली, कपडे सैल, ओआरएस घोट घोट. पण माणूस भ्रमिष्ट वागायला लागला आणि अंग चटका बसण्याइतकं तापलं तर तो उष्माघात. तेव्हा घाम येतोय की नाही ते बघत बसू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला, रुग्णवाहिका बोलवा. नुसतं शहाळं पुरत नाही, त्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी. सोबत ओआरएसची पाकिटं हवीतच. बीपीच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जायच्या आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

कोलंबोकर

इथे नऊ वर्षं आहे, म्हणून थोडी भर.

रुग्णवाहिकेसाठी १९९० फिरवा. "सुव सेरिय" ही फुकट सेवा २०१६ मध्ये भारताच्या मदतीने सुरू झाली, आता देशभर आहे. माझ्या शेजाऱ्यांसाठी एकदा बोलावली होती, चटकन आली.

द्रुतगती मार्गांवर दुचाकीला बंदी आहे. फोनवरचा नकाशा खुशाल तिकडे नेतो, तेव्हा "महामार्ग टाळा" हे आधीच करून ठेवा.

गॉल ते कोलंबो किनाऱ्याचा रस्ता शक्यतो रविवारी पहाटे करा. खासगी बसवाले एकमेकांशी शर्यत लावतात आणि समोरून येताना तुमची बाजूही त्यांचीच असते. हॉर्न ऐकला की अहंकार खिशात घालून मातीत उतरायचं.

२०२२ मध्ये आला असतात तर हा धागाच झाला नसता. तेव्हा पंपावर क्यूआर कोड दाखवून आठवड्याचं मोजकं पेट्रोल मिळायचं, रांगा किलोमीटरभर. आज पंपावर "फुल" म्हणताना अजूनही मला बरं वाटतं.

रुक्ष

लाखभर खर्चून दुसऱ्या देशात स्कूटरवर भाजून घ्यायचं आणि त्याला बजेट म्हणायचं. श्रीलंकेत बस आणि ट्रेन मातीमोल आहेत. कँडी ते एल्ला ट्रेनने गेला असतात तर ब्रेकही वाचला असता आणि चप्पलही.

मागची_सीट

@रुक्ष, बसने निम्म्यात झालं असतं, मान्य. ट्रेनचा तो पट्टा सुंदर आहे म्हणतात. पण बस त्या वेवावर थांबली नसती.

@डॉ_अडुळसा, सोडियमचं माहीत नव्हतं. आम्ही शहाळ्यावर शहाळी लावत होतो. संध्याकाळी पायात गोळे यायचे ते त्यामुळेच का?

डॉ_अडुळसा

बहुधा. चिमूटभर मीठ टाकलं असतंत तरी फरक पडला असता.

फटफटी

ब्रेकबद्दल लिहितो, कारण कोकणात उतरणारे स्कूटरवाले दर पावसाळ्याआधी हेच करून ठेवतात.

गिअरची गाडी उतारावर दुसऱ्यात टाकली की इंजिनच लगाम धरतं. स्कूटरचं थोडंफार धरतं, पण वेग फार कमी झाला की तिचा क्लच सुटतो आणि गाडी मोकळी पळते. म्हणजे वळणाला जिथे लगाम सगळ्यात जास्त हवा तिथेच तो नाही. दोन माणसं, दोन पिशव्या, सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, म्हणून मूठ आत आत येते. आणि तापलेल्या लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, मग तो पकडतच नाही. वास त्याचाच.

काय करायचं: उताराच्या आधीच वेग कमी. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही, दाबा-सोडा, दाबा-सोडा. दोन्ही ब्रेक वापरा, मागच्यावर सगळं टाकू नका. वेग वीसच्या खाली जात असेल तर थ्रॉटल किंचित उघडा म्हणजे क्लच धरलेला राहतो. वास आला की थांबा, अर्धा तास. आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जाईल.

लायनर झिजलाय का ते बघायला ड्रम उघडावा लागत नाही. मागच्या चाकापाशी ड्रमच्या बाहेर एक बारीक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेला लागला की लायनर संपला. भाड्याची गाडी घेताना दहा सेकंदांचं काम. @मागची_सीट, तुमच्या ह्यांना हे माहीत असणारच, मग बाण काय सांगत होता?

शब्दवेडा

अवांतर, पण राहवत नाही. त्या रस्त्याला सिंहलीत "दहअटे वंगुव" म्हणतात. दहअट म्हणजे अठरा: दहा आणि आठ! आकडे बघा: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय. सिंहली मराठीची लांबची बहीणच, दोघीही संस्कृत-प्राकृताच्या घरातल्या, मधे तमिळ-कन्नड मुलूख असूनही.

तुम्हाला रस्ता विचारताना जाणवलं का?

मागची_सीट

@शब्दवेडा, जाणवलं म्हणजे काय! अनुराधापुरच्या बाहेर एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले "दकुणट." यांना वाटलं दुकान विचारतायत. मला एकदम पेटलं: दकुण म्हणजे दक्षिण, म्हणजे उजवा हात. दक्षिण-वाम! डावीकडे म्हणजे "वमट". पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की दक्षिण उजव्या हाताला येते, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. त्यानंतर अर्धी श्रीलंका मी या दोन शब्दांवर काढली. सरळ जायचं असेल तर "केळिन यन्न", ते मात्र पाठ करावं लागलं.

आणि आभार मानायला "स्तुतियि". स्तुती! चहा दिल्यावर स्तुती करायची.

शब्दवेडा

साबणाला "सबन" म्हणतात आणि पावाला "पान". दोन्ही पोर्तुगीज, आपला पावही तिथूनच आला. सकाळी बीथोवनची धून वाजवत पावाची रिक्षा येते, ऐकलीत का?

मागची_सीट

रोज! पहिल्या दिवशी वाटलं कुणाचा फोन वाजतोय आणि कोणी उचलत नाहीये.

पोळीभाजी

शाकाहारी आहे, अंडंही नाही. निभेल का? आणि खरंच विचारते, रस्त्यात बायकांच्या स्वच्छतागृहांचं काय? यावर कोणी लिहीत नाही.

मागची_सीट

कारण पुढच्या सीटवाले लिहितात.

पेट्रोलपंपावर बहुतेक ठिकाणी असतात, बऱ्यापैकी स्वच्छ. मोठ्या मंदिरांच्या आवारात असतात. जाफन्याच्या रस्त्यावर किलिनोच्चीच्या आसपास लांबलांब काही नाही, तिथे निघण्यापूर्वीच. पाणी कमी प्यायचं हा आपल्या बायकांचा जुना उपाय तिथे करू नका, वर डॉक्टरांनी लिहिलंय ते वाचा. मी रोज लांब सुती कुर्ता घालत होते, तो आडोशाला कामाला आला. पुढचं समजून घ्या.

खाणं: जाफन्यात सुखात राहाल, शुद्ध शाकाहारी सैव हॉटेलं आहेत, केळीच्या पानावर भात आणि चार भाज्या. बाकी ठिकाणी भात-करीच्या ताटात डाळ, बीट, फणस, पालेभाजी असतेच, पण खोबऱ्याच्या संबोलात (चटणीत) उंबलकड घालतात, म्हणजे मालदीवचा सुका मासा, बारीक चुरा. दिसत नाही. "मस् माळु एपा" म्हणजे मांस-मासे नको, पण उंबलकडीचं वेगळं विचारा. त्यांच्या लेखी ती मासळी नाही, मसाला आहे! सकाळी इंदिआप्प, आपल्या शेवयांच्या चकत्या, आणि डाळ, हे सुरक्षित. आणि "हॉटेल" अशी पाटी दिसली तर आत खोली मागू नका, ते आपल्यासारखंच खायचं हॉटेल असतं.

वेल्लवाय ते तिस्स रस्त्यावर म्हशीच्या दह्याची दुकानं लागतात. मातीच्या पसरट भांड्यात दही, वर कितुलचा काकवीसारखा रस. कितुल म्हणजे आपला भेरली माड. आम्ही दोघांत एक अख्खं भांडं संपवलं आणि दुपारी कोणी गाडी चालवायची यावर भांडलो.

पोळीभाजी

धन्यवाद. म्हणजे स्तुतियि.

उंबरठा

सिगिरियाचा दगडी किल्ला चढलात का? तिकीट फार आहे ऐकलं. मे महिन्यात आईला (६८) घेऊन जायचा विचार आहे.

मागची_सीट

चढलो. भारतीय पासपोर्ट दाखवला की सार्क देशवाल्यांचं कमी दराचं तिकीट लागतं, पासपोर्ट खिडकीवर मागतात, खोलीवर विसरू नका. पायऱ्या साधारण १,२०० आहेत. खिडकी उघडताच गेलो आणि साडेनऊच्या आत खाली. त्यानंतर तो दगड तापतो आणि वर सावली नाही. मधे भिंतीवरच्या अप्सरा, पाचव्या शतकातल्या, काश्यप राजाच्या काळच्या. अजिंठा बघितलेल्याला बोटांची ठेवण ओळखीची वाटते. फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे तिथे माणसं खरंच बघतात.

६८ व्या वर्षी, गुडघे ठीक असतील तर चित्रांपर्यंत नक्की. अर्ध्यातून परत फिरायला लाज नाही.

आणि अनुराधापुरला मोजे न्या. रुवनवेलिसाय स्तूपाच्या भोवतालच्या फरशीवर अनवाणी चालावं लागतं, अकराच्या उन्हात ती तापलेला तवा असते. मोजे चालतात. टोपी मात्र काढायची. गुडघे-खांदे झाकलेले हवेत. जाफन्याच्या नल्लूर मंदिरात पुरुषांनी शर्ट काढायचा, हे तर खूश झाले.

कोलंबोकर

@उंबरठा, मेच्या शेवटी नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोलंबो-गॉल-डोंगर भागात येतो. तेव्हा पूर्वेला त्रिंको-अरुगम बे कोरडं असतं. नोव्हेंबर-डिसेंबरला उलट. इथे पाऊस "आहे की नाही" असं विचारायचं नाही, "कुठल्या बाजूला आहे" असं विचारायचं.

@मागची_सीट, हबरणवरून गेलात आणि हत्तीचा उल्लेखही नाही?

मागची_सीट

घाबरून मुद्दाम टाळला होता, सासूबाई हा धागा वाचतात. आता विचारलंच आहे तर.

त्रिंकोहून हबरणकडे, दुपारी साडेचार. आम्हाला सांगितलेलं होतं की संध्याकाळी त्या रस्त्यावर नको, पण त्रिंकोत समुद्रावरून पाय निघेना. जंगलाचा सरळ रस्ता, दोन्हीकडे विजेच्या तारांचं कुंपण, मधे मधे तुटलेलं. पुढे नारळाचा ट्रक होता. त्याच्या ड्रायव्हरचा हात एकदम खिडकीतून बाहेर आला, पंजा खाली, थांबा. ट्रक थांबला. उजव्या कडेला झाडीतून अर्धा बाहेर आलेला एकटा नर. सुळे नव्हते. श्रीलंकेत बहुतेक नरांना नसतातच, मखने. फांदी सोंडेत धरून पायावर झटकत होता, आपण पालेभाजीची जुडी झटकतो तशी.

ड्रायव्हरने हाताने आम्हाला डावीकडे यायची खूण केली. ट्रकच्या डाव्या अंगाला अगदी चिकटून. मग तो चालण्याच्या वेगाने निघाला आणि आम्ही त्याच्या आडोशाने. हत्ती आणि आमच्या मधे फक्त ट्रक. हॉर्न नाही, कोणी बोललं नाही. ट्रकच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेतून मला फक्त पाय दिसले. चार खांब, त्यातल्या एकावर वाळलेल्या चिखलाची रेघ. फांदी झटकल्याचा आवाज येत होता, तो मधेच थांबला. आमची गाडी तेवढी फटफटत होती. मी यांच्या पाठीवर डोकं टेकवलं होतं आणि हेल्मेटला हेल्मेट लागून टक्-टक् वाजत होतं. कोण थरथरत होतं ते अजून ठरलेलं नाही.

शंभर-दीडशे मीटर पुढे गेल्यावर ड्रायव्हरने पुन्हा हात बाहेर काढला, या वेळी निरोपाचा. आम्ही पुढे जाऊन त्याला थांबवलं. पाणी सोडून आमच्याकडे द्यायला होती फक्त चितळ्यांची बाकरवडी. ती दिली.

वऱ्हाडी_ठेचा

आता मानलं. ऊन नाही, पन हत्ती मानला.

रुक्ष

ट्रेनमध्ये हत्ती येत नाही, एवढंच म्हणतो. लिहिलंय चांगलं.

फटफटी

वाचनखूण साठवली. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. बाण?

मागची_सीट

@फटफटी, जुना लायनर यांनी फेकला नाही. रुमालात गुंडाळून घरी आणला, घरी येताच अंघोळीच्या आधी व्हर्निअर (बारीक जाडी मोजायचं माप) काढला आणि तीन जागी मोजला. किती भरला ते मला सांगितलं नाही. "हा मी केव्हाच बाजूला काढला असता," एवढंच म्हणाले. आता तो दालचिनीच्या बरणीशेजारी आहे.

बाण खुणेच्या पुढे गेलेला होता, माझ्या फोनमधल्या नेगोंबोच्या फोटोत स्पष्ट दिसतो. हे म्हणतात, त्यावर चिखल होता. पाऊस नव्हता, मार्च होता.